परक्याच्या शेतातून जाणारी वाट: इंग्लंडमध्ये पहिल्यांदा चालायला निघताना

लीड्सला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी एकटी चालायला बाहेर पडले होते. छापील नकाशा नव्हता, कुणीतरी फोनवर पाठवलेली वाट होती. अर्ध्या तासात ती वाट एका शेतकऱ्याच्या अंगणात शिरली. डाव्या हाताला ट्रॅक्टर, उजव्या हाताला घराची खिडकी, आत कुणीतरी भांडी विसळत होतं. मी थबकले आणि आल्या पावली परत फिरले. ओळख ना पाळख, कुणाच्या अंगणातून न विचारता कसं जायचं? फाटकाच्या खांबावर तळहाताएवढी गोल चकती होती, तिच्यावर पिवळा बाण होता. तो मी पाहिलाही होता. पण तो माझ्यासाठी आहे हे मला ठाऊक नव्हतं.

महाराष्ट्रातून इथे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी राजगड केलेला असतो, हरिश्चंद्रगडावर मुक्काम ठोकलेला असतो. पायांत दम असतोच. अडतं ते 'इथून जायची परवानगी आहे का' या प्रश्नाशी. म्हणून आधी तो प्रश्न सोडवू, आणि मग एक खरी वाट पायाखाली घालू. ती वाट यॉर्कशर डेल्समधल्या मॅलम गावची. स्पेलिंगमध्ये मधोमध एक एच आहे, तो गिळायचा. 'मालहाम' म्हटलंत तर बसवाल्याला कळेल, पण तो हसेल.

पिवळा, निळा आणि बाकीचे

इंग्लंडमध्ये शेत खाजगी असतं, पण त्यातून जाणारी वाट सार्वजनिक असू शकते. कुठली वाट कुणासाठी, याची कायदेशीर नोंद तिथल्या कौन्सिलकडे असते. ही शेतकऱ्याची मेहेरबानी नाही. तो शेत नांगरू शकतो, पण नांगरल्यावर चौदा दिवसांत वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची जबाबदारी त्याची. उभ्या गव्हातून वाट जात असेल तर तीही त्यानं मोकळी ठेवायची असते.

पिवळा बाण म्हणजे पायवाट, फक्त चालणाऱ्यांची. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, तिथे घोडेस्वार आणि सायकलवालेही येतात. जांभळा आणि लाल बाण क्वचित दिसतात. लाल बाणाच्या वाटेवर मोटारगाडीही येऊ शकते, एवढं लक्षात ठेवलं की झालं. डांबरी रस्त्यावरून वाट फुटते तिथे बहुतेक ठिकाणी लाकडी किंवा लोखंडी खांबावर 'पब्लिक फुटपाथ' अशी पाटी असते. फुटपाथ म्हणजे इथे फरसबंदी नव्हे, रानातली पायवाट.

याखेरीज 'ॲक्सेस लँड' नावाचा प्रकार आहे. सन २००० च्या कायद्यानं बरेचसे डोंगर, माळ आणि पडीक कुरणं चालणाऱ्यांना खुली झाली. तिथे वाट सोडूनही भटकता येतं. हे सहज मिळालेलं नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर-शेफील्डकडचे शेकडो तरुण किंडर स्काउट या डोंगरावर मालकांचा मज्जाव मोडून चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि १९५१ मध्ये पहिलं उद्यान झालं ते किंडर स्काउट ज्या भागात आहे तेच, पीक डिस्ट्रिक्ट. यॉर्कशर डेल्सचं उद्यान १९५४ चं. आणि उद्यान म्हणजे तिकीट काढून आत जायची बाग नव्हे. आत गावं आहेत, शेती आहे, शाळा आहेत.

हक्क चालण्याचा आहे, मुक्कामाचा नाही. डार्टमूरचा काही भाग सोडला तर जमीनमालकाला विचारल्याशिवाय तंबू ठोकता येत नाही. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आणि बराच सैल आहे.

नकाशा विकत घ्या

फोन आहे की, असं म्हणाल. मॅलमच्या आसपास सिग्नल मधेच गायब होतो, आणि थंडीत बॅटरी कशी उतरते ते कळतही नाही. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी मुखपृष्ठाचा 'एक्सप्लोरर' नकाशा घ्या. या भागाचा क्रमांक ओएल २. प्रमाण १:२५,०००, म्हणजे नकाशावरचे चार सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यावर प्रत्येक शेताची भिंतसुद्धा दाखवलेली असते, आणि अनोळखी मुलखात 'आपण नेमके कुठे आहोत' हे या भिंतींवरूनच कळतं. गुलाबी मुखपृष्ठाचा 'लँडरेंजर' नकाशा १:५०,००० चा असतो. तो गाडीनं फिरायला बरा, पण त्यात भिंती नसतात.

एक्सप्लोररवर हिरव्या तुटक रेषा हक्काच्या वाटा दाखवतात: आखूड तुकडे म्हणजे पायवाट, लांब तुकडे म्हणजे ब्रायडलवे. काळ्या तुटक रेषेशी नवखे फसतात. तिचा अर्थ एवढाच, की जमिनीवर तिथे वाट दिसते. तुम्हाला तिथून जायचा हक्क आहे असं ती रेषा सांगत नाही. फिकट पिवळा रंग आणि नारिंगी कड म्हणजे ॲक्सेस लँड. समोच्च रेषा दाटीवाटीनं आल्या की चढ खडा, हे सह्याद्रीत शिकला असालच.

घरी टेबलावर नकाशा पसरा आणि पेन्सिलनं आपली वाट हलकेच गिरवा. नकाशासोबत एक कोड मिळतो, तो वापरून तोच नकाशा फोनवरही उतरवून ठेवा. दोन्ही असू देत.

किती वेळ लागेल, काय घालाल

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक हिशेब सांगितला, तो अजून चालतो. दर पाच किलोमीटरना एक तास, आणि दर शंभर मीटर चढाईला वर दहा मिनिटं. आपली मॅलमची फेरी साधारण ८ किलोमीटरची, चढाई साधारण दोनशे मीटर. म्हणजे दोन तास होतात. पण नेस्मिथच्या हिशेबात फोटो नाहीत, पोरं नाहीत आणि चहा नाही. चार तास धरा.

डिसेंबरात इथे पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतर. त्यामुळे पहिली वाट एप्रिल ते सप्टेंबरमध्येच करा. आदल्या रात्री मेट ऑफिसचा अंदाज पाहा, आणि त्यात नुसता पाऊस नको, वाऱ्याचा वेगही बघा. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. तो बारीक, आडवा, न संपणारा असतो. सह्याद्रीत भिजायला मजा येते, कारण भिजल्यावरही ऊब असते. इथे आठ अंश तापमानात भिजून वाऱ्यात उभं राहिलं की दातावर दात आपटतात.

म्हणून जीन्स नको. ओली जीन्स वाळत नाही, जड होते आणि पायांतली ऊब शोषते. सिंथेटिक पँट, आत पातळ टी-शर्ट, वर फ्लीस, आणि सगळ्यावर खरोखरचं वॉटरप्रूफ जाकीट. इथे पैसे वाचवू नका. छत्री घरीच ठेवा, पहिल्याच झोतात ती उलटी होते. पायांत पकड असलेले बूट हवेत. मॅलमचा दगड चुनखडक आहे, आणि लाखो बुटांनी तो घासून ओट्यासारखा गुळगुळीत केला आहे.

सॅकमध्ये नकाशा, पाणी, शिट्टी, टॉर्च, जादा मोजे, थर्मासमध्ये चहा. खायला धपाटे किंवा चटणी लावलेल्या पोळ्यांच्या गुंडाळ्या घ्या. गावातल्या पबमध्ये जेवायचा बेत असेल तर वेळ आधी विचारून ठेवा, कारण पब उघडा असला तरी दुपारचं स्वयंपाकघर बंद झालेलं असू शकतं. चारला भुकेजून पोचाल आणि मिळतील वेफर्स.

लीड्सहून स्किप्टनला ट्रेननं पाऊण तास लागतो. तिथून मॅलमची बस मोजकीच आहे, आणि रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं. परतीची शेवटची बस आधी बघायची, मग जायची. मी एकदा उलट केलं. त्या संध्याकाळी गारग्रेव्ह स्टेशनपर्यंत जे पायी आले, ते काही निसर्गसौंदर्य पाहायला नव्हे. गाडी असेल तर गावाच्या तोंडाशीच राष्ट्रीय उद्यानाचं केंद्र आणि वाहनतळ आहे. सुट्टीच्या दिवशी दहाच्या आत पोचा.

आता चाला

वाहनतळातून बाहेर पडून गावाकडे वळलात की लगेच ओढ्यावर छोटा दगडी पूल लागतो. तो ओलांडा आणि उजवीकडे वळा. ओढा उजव्या हाताला ठेवून त्याच्या प्रवाहाच्या दिशेनं चालायचं. थोड्या वेळानं पाटी येते, 'जॅनेट्स फॉस', आणि वाट डावीकडे शेतांत शिरते.

इथे पहिल्यांदा या मुलखाच्या भिंती जवळून पाहा. ना माती, ना चुना. नुसते दगडावर दगड. कोकणातला गडगाच हा! फरक एवढाच, की इथे एका भिंतीत दोन पदर रचतात, मधल्या फटीत बारीक चिपा भरतात, आणि दोन्ही पदरांना जखडायला अधूनमधून आरपार लांब दगड घालतात. त्यावर कधीही चढू नका. एक दगड निखळला की पुढच्या पावसाळी वाऱ्यात वीतभर भिंत ढासळते, आणि ती पुन्हा रचायला माणूस मिळणं सोपं नाही.

भिंत ओलांडायच्या जागा ठरलेल्या असतात. कधी लाकडी पायऱ्या, त्यांना स्टाईल म्हणतात. कधी किसिंग गेट: अर्धवर्तुळात अडकवलेलं फाटक, ज्यातून एका वेळी एकच माणूस जातो आणि गुराला मात्र वळता येत नाही. फाटक ढकला, आतल्या कोपऱ्यात सरका, फाटक आपल्या मागून फिरवा, बाहेर पडा. तिसरा प्रकार म्हणजे भिंतीतली नुसती फट, वर रुंद आणि गुडघ्याशी चिंचोळी. माझे बाबा आले होते तेव्हा पाठीवरच्या कॅमेऱ्याच्या बॅगेसकट त्या फटीत शिरले आणि अडकले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. पलीकडे चार मेंढ्या रवंथ करत त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. 'अगं, आधी बॅग घे,' ते म्हणाले. तेव्हा फट दिसली की आधी सॅक काढा, ती पलीकडे ठेवा, मग स्वतः.

साधं फाटक लागलं तर ते जसं होतं तसंच सोडायचं. बंद असेल तर बंद करायचं, आणि खालची खिट्टी बसली का ते हलवून बघायचं. उघडं बांधून ठेवलेलं असेल तर उघडंच राहू द्यायचं. चांगुलपणा म्हणून लावून घ्याल आणि पलीकडच्या मेंढ्यांचं पाणी तोडाल.

पुढे झाडी सुरू होते. एप्रिल-मे असेल तर झाडी दिसायच्या आधी वास येतो: लसणाचा. दोन्ही बाजूंना रानलसणाच्या हिरव्या पानांचा गालिचा आणि त्यावर पांढरी चांदणफुलं. फोडणी पडल्यासारखा वास सगळ्या रानाला येतो. त्याच झाडीत एक आडवा पडलेला ओंडका आहे, त्यात लोकांनी शेकड्यांनी नाणी ठोकून बसवली आहेत. मग धबधबा, जॅनेट्स फॉस. जॅनेट ही पऱ्यांची राणी, ती म्हणे या पाण्यामागच्या गुहेत राहते. फॉस हा व्हायकिंगांनी आणलेला शब्द, अर्थ धबधबा. बेक म्हणजे ओढा, टार्न म्हणजे डोंगरातलं तळं, फेल म्हणजे डोंगर, डेल म्हणजे खोरं. एवढे पाच शब्द पाठ केले की इथला अर्धा नकाशा वाचता येतो. धबधबा लहान आहे, आपल्याकडे पावसाळ्यात घाटात असे पन्नास लागतात. पण पाणी ज्यावरून घसरतं तो फुगीर दगड नीट पाहा. पाण्यातला चुना शेवाळावर साचत साचत तो घडला आहे. खालच्या डोहात पूर्वी मेंढपाळ लोकर कातरण्याआधी मेंढ्या धूत.

धबधब्याच्या डावीकडून दगडी चढ चढलं की डांबरी रस्ता लागतो. उजवीकडे वळा, पूल ओलांडा आणि लगेच डाव्या हाताच्या फाटकातून आत. वाट सपाट, सरळ, आणि समोर नुसता डोंगर. आता इथून पुढे काय, असं वाटत असतानाच कडे दोन्ही बाजूंनी जवळ येतात, वाट वळते आणि आपण घळीच्या पोटात असतो. हा गॉर्डेल स्कार. दोन्ही बाजूंना साधारण शंभर मीटर उंचीचे कडे, वरच्या बाजूला डोक्यावर झुकलेले. मे महिन्यातसुद्धा आत गारवा असतो आणि बोललेलं घुमतं. जेम्स वॉर्ड या चित्रकारानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचं भिंतभर मोठं चित्र काढलं, ते लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे.

या घळीतही धबधबा आहे. त्याच्या कडेनं वर चढणारी माणसं तुम्हाला दिसतील. नकाशावरची वाटही तिथूनच वर जाते. तुम्ही जाऊ नका. ओला चुनखडक, वरून पाणी, आणि उतरणं चढण्यापेक्षा अवघड. सह्याद्रीत कातळटप्पे केले असतील तरीही पहिल्या खेपेला नको, कारण आपल्या काळ्या दगडाची पकड या दगडाला नाही.

आल्या वाटेनं पुलापाशी परत या. पुलाजवळून डोंगराकडे चढणारी पायवाट आहे, 'मॅलम कोव्ह' अशी पाटी बघा. हा या फेरीतला खरा चढ. मागे वळून पाहत राहा, शेतांच्या भिंतींचं जाळं हळूहळू उलगडत जातं. वर एक डांबरी रस्ता आडवा येतो, तो ओलांडून सरळ पुढे.

आणि मग पायांखालची माती संपते. राखाडी दगडाची फरशी पसरलेली दिसते, कुणी मुद्दाम ठोकळे मांडल्यासारखी, आणि ठोकळ्यांमधून खोल भेगा. ठोकळ्यांना क्लिंट म्हणतात, भेगांना ग्राइक. काही भेगा मांडीइतक्या खोल. हिमयुगात बर्फानं वरची माती खरवडून नेली, उघड्या पडलेल्या खडकातल्या चिरा पावसाच्या पाण्यानं विरघळवत रुंद केल्या. भेगेत वाकून बघा: आत वारा लागत नाही, मेंढीचं तोंड पोचत नाही, म्हणून तिथे हिरवे नेचे लवलवत असतात. वर वाळवंट, आत परसबाग. या फरशीचे दगड पूर्वी लोकांच्या बागा सजवायला विकले जात. आता कायद्यानं मनाई आहे. चालताना प्रत्येक पाऊल बघून टाका. पोरांचा हात धरा, आणि फोटोसाठी मागे मागे सरकू नका, कारण फरशी जिथे संपते तिथे कठडा नाही. तिथे कडा आहे.

फरशी ओलांडून पलीकडच्या टोकाला गेलात की पायऱ्या लागतात, सुमारे चारशे. त्या उतरून कड्याच्या पायथ्याशी या आणि मग मान वर करा. हाच मॅलम कोव्ह: अर्धगोल, पांढुरका, सुमारे ८० मीटर उंच आणि ३०० मीटर रुंद. कोकणकडा पाहिलेल्याला हा आकार ओळखीचा वाटेल आणि उंची किरकोळ वाटेल. पण कोकणकड्यावरून पावसाळ्यात पाणी पडतं, इथे पडत नाही. आपल्या काळ्या दगडावर, म्हणजे बेसॉल्टवर, पाणी वरून वाहतं. चुनखडक ते पिऊन टाकतो. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाचा प्रचंड धबधबा या कड्यावरून पडत होता. मग पाण्यानं जमिनीखालून वाटा शोधल्या आणि कडा कोरडा पडला. ६ डिसेंबर २०१५ ला, वादळी पावसात, भूमिगत वाटा तुडुंब भरल्या आणि माणसांच्या आठवणीत पहिल्यांदा वरून पाणी कोसळलं. काही तास. मग पुन्हा कोरडा.

पायथ्याशी खडकाच्या फटीतून ओढा गुपचूप बाहेर येतो. वर डोंगरात मॅलम टार्न नावाचं तळं आहे, त्याचं पाणी थोडं वाहून जमिनीत गडप होतं. तेच इथे निघत असणार असं कुणालाही वाटेल. तसं नाही. तळ्याचं पाणी गावाच्या खालच्या अंगाला, एअर हेड नावाच्या झऱ्यांत निघतं. कड्याखालचं पाणी दुसरीकडून येतं. जमिनीखाली हे दोन प्रवाह एकमेकांना ओलांडून जातात. त्या झऱ्यांच्या पाण्यानं सुरू होणारी एअर नदीच पुढे माझ्या लीड्समधून वाहते.

वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत कड्यावर बहिरी ससाण्यांचं घरटं असतं, पायथ्याशी अनेकदा पक्षीप्रेमी दुर्बीण लावून बसतात. विचारलंत तर आनंदानं दाखवतात. इथून गावापर्यंत वाट सोपी आणि फरसबंद आहे.

गुरं, आणि अडचण आली तर

मेंढ्यांची भीती नाही. गायींची असू द्या. आपण गायींमध्ये वाढलो असं वाटतं, पण रस्त्यात बसलेली आपली गरीब गाय वेगळी आणि वासराला घेऊन कुरणात मोकळी असलेली इथली गाय वेगळी. गाय आणि वासरू यांच्या मधून कधी जाऊ नका. लांबून वळसा घाला, पळू नका, ओरडू नका. सोबत कुत्रा असेल तर तो दोरीला हवा. पण गाय अंगावर आलीच तर दोरी सोडून द्या. तिचा राग कुत्र्यावर असतो, आणि तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो. ॲक्सेस लँडवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड दोरीला ठेवणं कायद्यानंच सक्तीचं आहे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी.

पाय मुरगळला, वाट चुकली, धुकं आलं तर ९९९ किंवा ११२ फिरवा, आधी 'पोलीस' आणि मग 'माउंटन रेस्क्यू' मागा. तुमच्या कंपनीचा सिग्नल नसला तरी दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून हा फोन लागू शकतो. येणारी माणसं स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. कुठे आहात ते नकाशाच्या संदर्भ-आकड्यांत सांगा. मॅलम कोव्हच्या कड्याचा संदर्भ एसडी ८९७ ६४१ आहे. बोलण्याइतका सिग्नल नसेल तर मेसेजही चालतो, पण त्यासाठी नोंदणी आधी लागते: घरी बसल्याबसल्या 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ ला पाठवा. आत्ताच केलंत तरी चालेल. शिट्टीची खूण म्हणजे मिनिटात सहा फुंकरी, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा.

आणि घरी पोचल्यावर आंघोळीच्या आधी गुडघ्यांच्या मागे, कमरेच्या पट्ट्याखाली, पोरांच्या केसांच्या कडेला नीट बघा. उंच गवतात गोचीड असते, तिळाएवढी, आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. सापडली तर बोटानं चिरडू नका, तेल लावू नका. बारीक चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरांना गाठा, आणि चालायला कुठे गेला होतात ते आठवणीनं सांगा.